पार्किंगमधल्या पॉवर पॉइंटला गाडी लावण्याआधी

इलेक्ट्रिक गाडी घेतली की डिकीत एक काळी पिशवी मिळते. तिच्यात जाड केबल, मधे जड डबा, एका टोकाला गाडीत खोचायची गन आणि दुसऱ्या टोकाला आपला नेहमीचा थ्री-पिन टॉप. शोरूममधला पोरगा सांगतो, "कुठल्याही पंधरा अँपिअरच्या पॉइंटला लावा, सर." तो खोटं बोलत नाही, पण अर्धंच सांगतो. उरलेलं अर्धं सांगायचं काम माझ्यासारख्या वायरमनवर येतं. मी सांगलीत वायरिंगची कामं घेतो आणि हल्ली त्यात गाडीच्या पॉइंटची कामं बरीच असतात.

पहिली गोष्ट म्हणजे लोडचा प्रकार. दोन किलोवॅटचा गिझर नऊएक अँपिअर ओढतो, पण पंधरा-वीस मिनिटांत थर्मोस्टॅट त्याला बंद करतो. इस्त्री तापते, थांबते, परत तापते. गाडी तसं करत नाही. २४ किलोवॅट-तासांची बॅटरी असलेली टाटाची टियागो रिकामी आणून लावली, तर १५ अँपिअरच्या पॉइंटवर आठ-नऊ तास लागतात. तेवढा वेळ वायरमधून जवळजवळ पूर्ण करंट एकसारखा वाहतो, तोही रात्री, घर झोपलेलं असताना. आपल्या घरात एवढा वेळ एवढा करंट ओढणारी दुसरी वस्तू नाही. सॉकेटच्या आंतरराष्ट्रीय मानकात तापमानाची जी चाचणी असते, ती तासाभराची. म्हणजे "१६ अँपिअर" असा शिक्का असला, तरी रोज रात्रभर १५ अँपिअर हा त्या सॉकेटसाठी वेगळाच मामला आहे.

एका निवृत्त मुख्याध्यापकांकडे गेलो होतो. पार्किंगमधला जुना पॉइंट दाखवत म्हणाले, "मिस्त्री, गेली कैक वर्षं ह्यावर पाण्याची मोटर चालतेय. काही झालं नाही."

म्हटलं, "सर, मोटर किती वेळ चालते?"

"टाकी भरेपर्यंत. वीस मिनिटं."

मेन बंद करून बोर्ड खोलला. वरून सॉकेट ठीक दिसत होतं, फक्त न्यूट्रलच्या भोकाभोवती प्लॅस्टिक चहाच्या डागासारखं पिवळं पडलेलं. मागे बघितलं तर न्यूट्रलच्या वायरच्या तारांपैकी निम्म्या कापलेल्या, कारण टर्मिनलच्या भोकात सगळ्या मावल्या नव्हत्या. उरलेल्या स्क्रूखाली सैल. वायर दीडची, म्हणजे दिव्या-पंख्याच्या जाडीची, आणि ती डीबीतून, म्हणजे घराच्या मुख्य वीजपेटीतून, आलेलीच नव्हती. जिन्याच्या दिव्यातून लूप मारून आणलेली. मोटरला हे चाललं. गाडीला चाललं नसतं.

आग लागते ती सहसा इथंच, जोडावर. उष्णता करंटच्या वर्गाने वाढते. चांगल्या घट्ट जोडाचा रोध इतका कमी असतो की १५ अँपिअरला तिथं एखादा वॅटच उष्णता निघते. तोच जोड सैल होऊन रोध ०.१ ओहम झाला, तर १५ गुणिले १५ गुणिले ०.१, म्हणजे साडेबावीस वॅट. आमची सोल्डरिंगची इस्त्री २५ वॅटची असते आणि तिनं शिसं वितळतं. ती इस्त्री प्लॅस्टिकच्या बंद डबीत रात्रभर चालू ठेवल्यावर काय होईल, ते सांगायला नको. तापलं की पितळेच्या पट्ट्यांचा ताण जातो, ताण गेला की पकड आणखी सैल होते, सैल झाली की आणखी तापतं. आणि ह्या सगळ्या वेळात एमसीबीला, म्हणजे करंट जास्त झाला की लाइन तोडणाऱ्या खटक्याला, काहीच कळत नाही, कारण करंट १५ चाच आहे. हे नीट लक्षात घ्या: सॉकेट जळत असताना एमसीबी पडेलच असं नाही.

म्हणून गाडीसाठी जुना पॉइंट वापरू नका. नवा ओढून घ्या. एक स्वतंत्र सर्किट, डीबीपासून थेट पार्किंगपर्यंत, मधे एकही लूप नाही, एकही जोड नाही. त्या लाइनीवर दुसरं काही नको, पार्किंगचा दिवासुद्धा नको.

वायर किती जाडीची

तांब्याची, चार एमएमची, फेज आणि न्यूट्रल दोन्ही. अर्थिंगची वायरही मी चारचीच टाकतो. "अडीचची चालते की" असं दुकानदारही सांगतो. थोड्या अंतरावर, मोकळ्या पाइपातून असेल तर चालेलही. पण पार्किंग डीबीपासून तीस मीटर लांब असेल तर हिशोब करा. अडीचच्या वायरचा रोध किलोमीटरला साधारण ८ ओहम. जाऊन-येऊन साठ मीटर, म्हणजे जवळजवळ अर्धा ओहम. १५ अँपिअरला सात व्होल्ट वाटेतच पडतात आणि शंभरेक वॅट भिंतीतल्या पाइपात उष्णता होऊन जातात. चारच्या वायरला हेच साडेचार व्होल्ट आणि सदुसष्ट वॅट. शिवाय पुढे कधी ७.२ किलोवॅटचा वॉल बॉक्स, म्हणजे भिंतीवरचा मोठा चार्जर, बसवायचा विचार असेल, तर आत्ताच सहाची वायर टाकून ठेवा. त्याला ३२ अँपिअर लागतात आणि भिंत दोनदा फोडायचा खर्च वायरपेक्षा जास्त असतो.

जुन्या इमारतींत अजून ॲल्युमिनियमची वायर सापडते. तिला तांब्याची वायर पिळून वर टेप गुंडाळायची आणि त्यावर गाडी लावायची, हे कुणी कितीही स्वस्तात करून देत असेल तरी करू देऊ नका. दोन धातूंच्या जोडाला गंज धरतो, आणि ॲल्युमिनियम दाबाखाली हळूहळू सरकतं, त्यामुळे स्क्रू आपोआप सैल पडतो.

सॉकेट घेताना हाताला कळतं. आयएसआय मार्क असलेलं, १६ अँपिअरचं, मागे टर्मिनलला भरपूर जागा असलेलं घ्या. टॉप खोचून बघा. काढताना दुसऱ्या हातानं प्लेट धरावी लागली पाहिजे. वायरच्या तारांवर लग, म्हणजे धातूची टोपी, क्रिम्प करून (दाबून बसवून) मगच ती स्क्रूखाली जाऊ दे. एसीसाठी जे पत्र्याचे बॉक्स मिळतात किंवा निळे इंडस्ट्रियल सॉकेट, ते मजबूत असतात खरे, पण गाडीचा टॉप त्यात बसत नाही. मग लोक टॉप कापून दुसरा बसवतात. कापू नका. काही केबलींच्या टॉपमध्येच तापमान मोजणारा सेन्सर असतो. टॉप जास्त तापला की तो चार्जिंग कमी करतो किंवा थांबवतो. तो कापून टाकला म्हणजे राखणदारच हाकलला. वॉरंटी जाते ते वेगळंच.

कन्व्हर्टर प्लग लावून ६ अँपिअरच्या सॉकेटवर गाडी, स्पाइक गार्डवर गाडी, दुसऱ्या मजल्यावरच्या खिडकीतून सोडलेल्या एक्स्टेंशन बोर्डवर गाडी, हे सगळं मी बघितलंय. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचे २०२३ चे सुरक्षा विनियम आहेत. त्यांतला गाड्यांच्या चार्जिंगचा भाग चार्जिंग स्टेशन डोळ्यांपुढे ठेवून लिहिलाय, पण घरासाठी ह्याहून चांगलं मोजमाप मला माहीत नाही. त्यात स्पष्ट आहे: एक्स्टेंशन नको, ॲडॉप्टर नको, प्रत्येक चार्जिंग पॉइंटला स्वतंत्र सर्किट, सॉकेट जमिनीपासून किमान ८०० मिलिमीटर वर. गाडी उभी केल्यावर तिचं चार्जिंगचं तोंड पॉइंटपासून पाच मीटरच्या आत असावं. ह्याचा अर्थ एवढाच की पॉइंट गाडीजवळ आणायचा, केबल पॉइंटपर्यंत ताणायची नाही.

अर्थिंगचा लाल दिवा

आता मुख्य मुद्दा. केबलच्या मधल्या डब्याला दिवे असतात. टॉप लावला की तो डबा आधी अर्थिंग आहे का ते तपासतो. नसेल तर लाल दिवा लावून गाडीला करंट द्यायचं नाकारतो. आणि आपल्याकडे बऱ्याच घरांत अर्थिंग फक्त सॉकेटच्या तिसऱ्या भोकापुरतं असतं. मागे वायर असते, ती डीबीपर्यंत जाते आणि तिथं लोंबकळत राहते.

मग कुणीतरी "जाणकार" येतो आणि सॉकेटच्या आत न्यूट्रल आणि अर्थिंगच्या टर्मिनलमध्ये एक तुकडा टाकून देतो. दिवा हिरवा. गाडी चार्ज व्हायला लागते. मालक खूश, दोनशे रुपये देतो.

असं कुणी केलं असेल तर आज ते काढा. कारण आता गाडीची बॉडी न्यूट्रलला बांधलेली आहे. जोवर न्यूट्रल शाबूत, तोवर काही जाणवणार नाही. ज्या दिवशी खांबावरचा न्यूट्रल तुटेल किंवा मीटरजवळ सैल होईल, त्या दिवशी घरात चालू असलेल्या पंख्या-फ्रिजमधून फेज न्यूट्रलवर येईल आणि तिथून थेट गाडीच्या पत्र्यावर. ओल्या पार्किंगमध्ये अनवाणी उभं राहून कुणी दाराला हात लावला की संपलं. घरात डीबीला आरसीसीबी, म्हणजे करंटची गळती झाली की लाइन तोडणारी डबी, असेल, तर ह्या तुकड्यामुळे ती वारंवार पडायला लागते. मग तोच जाणकार परत येतो आणि "आरसीसीबी खराब आहे" म्हणून तिला बायपास करतो. एका खोट्यासाठी दुसरं खोटं.

खरं अर्थिंग म्हणजे जमिनीतला खड्डा, त्यात इलेक्ट्रोड, म्हणजे धातूचा रॉड किंवा पाइप, आणि तिथून न तुटता आलेली वायर. ते किती चांगलं आहे, हे मोजूनच कळतं. फेज आणि अर्थिंगमध्ये शंभर वॅटचा दिवा लावून बघायची आमची जुनी पद्धत आहे. ती वायरमनला करू द्या, तुम्ही करू नका. पण त्या दिव्यावर फार विसंबू नका. तो अर्ध्या अँपिअरहून कमी ओढतो. अर्थिंगचा रोध २० ओहम असला तरी तो छान लखलखेल. आता हिशोब बघा: २० ओहमच्या अर्थिंगवर फेज बॉडीला लागला, तर करंट जाईल साडेअकरा अँपिअर. १६ ची एमसीबी तो करंट दिवसभर वाहू देईल आणि तोवर बॉडी जिवंत. रोध ५ ओहम असला तर ४६ अँपिअर. सी प्रकारच्या १६ च्या एमसीबीला झटक्यात पडायला किमान ८० लागतात, कधीकधी १६० पर्यंत. म्हणजे इथंही ती लगेच पडेलच असं नाही, काही सेकंद ते मिनिटभर घेऊ शकते. तेव्हा अर्थ टेस्टर घेऊन येणारा वायरमन शोधा, आणि आकडा कागदावर लिहून मागा. ५ ओहमच्या आत असेल तर घरासाठी मी समाधानी असतो.

आमच्याकडच्या काळ्या मातीत आणखी एक गंमत आहे. पावसाळ्यात मोजलेला आकडा एप्रिलमध्ये राहत नाही. माती भेगाळते, इलेक्ट्रोडपासून सुटते. म्हणून मोजायचं तर उन्हाळ्यात मोजा, आणि खड्ड्यात अधूनमधून बादलीभर पाणी ओता. मीठ-कोळशाचा खड्डा स्वस्त पडतो, पण मीठ लोखंडाला खातं. नवा करणार असाल तर तीन मीटरचा रॉड आणि तयार बॅकफिल पावडर टाकून घ्या.

वरच्या हिशोबावरून तुमच्या लक्षात आलं असेल की अर्थिंग असूनही एमसीबी एकटी पुरत नाही. गळती पकडायचं काम आरसीसीबीचं. फेजमधून गेलेला आणि न्यूट्रलमधून परत आलेला करंट ती ताडून बघते आणि ३० मिलिअँपिअरचा फरक आला की तोडते. अर्थिंगचा रोध १०० ओहम झाला तरी ती पडेल, कारण दोन अँपिअरहून जास्त गळती तिला डोंगराएवढी. पण अर्थिंग अजिबातच नसेल, तर ती पडायला गळतीला माणसाच्या अंगातूनच वाट लागते. दोन्ही हवं.

गाडीच्या लाइनीला मी आरसीबीओ बसवतो: १६ अँपिअर, ३० मिलिअँपिअर, दोन पोलची (फेज आणि न्यूट्रल दोन्ही तोडणारी). एमसीबी आणि आरसीसीबीचं काम एकाच डबीत. नुसती आरसीसीबी घेतली तर तिच्याबरोबर एमसीबी लागतेच, कारण आरसीसीबीला ओव्हरलोड कळत नाही. आणि टाइप बघून घ्या. आपल्या दुकानांत मागितल्यावर बहुधा टाइप एसी हातात येते. गाडीच्या चार्जरमधून होणारी गळती नेहमी साध्या एसी रूपाची नसते. विनियमांतही किमान टाइप ए सांगितलंय. ओळखायला सोपं आहे: डबीच्या तोंडावर चौकोनात नुसती नागमोडी रेघ असेल तर टाइप एसी, तिच्याखाली अर्ध्या लाटांचे उंचवटेही असतील तर टाइप ए. डीसी गळती मात्र टाइप ए ला आंधळी करू शकते. म्हणून केबलच्या डब्यात ६ मिलिअँपिअर डीसी गळती ओळखायची सोय आहे का, ते गाडीच्या पुस्तिकेत बघा. नसेल तर टाइप बी लागेल. ती महाग आहे.

"पण डब्यात सुरक्षा आहेच की मग हे कशाला?" हा प्रश्न मला प्रत्येक जण विचारतो. डबा त्याच्या पुढचं सांभाळतो. भिंतीतली वायर, सॉकेट आणि टॉपपासून डब्यापर्यंतचा केबलचा तुकडा त्याच्या मागे राहतो.

डीबीच्या पत्र्याच्या बंद पेटीत उन्हाळ्यात १६ ची एमसीबी कधी नाहक पडते, कारण ती उष्णतेवरच चालते. तेव्हा पेटी मोठी घ्या, शेजारी मोकळी जागा सोडा, किंवा गाडीचा करंट उतरवा. सॉकेट १६ चं असताना ३२ ची एमसीबी बसवून मोकळं होणं हा उपाय नाही.

पहिल्या रात्री

पहिलं चार्जिंग दिवसा करा, तुम्ही जागे असताना. आधी टॉप लावा, मग स्विच, दिवे बघा, मग गन. बंद करताना उलट: गाडीतून चार्जिंग थांबवा, गन काढा, स्विच बंद, मग टॉप. चालू लोडवर टॉप ओढला की ठिणगी पडते आणि पितळेवर काळा खड्डा पडतो. तोच पुढे तापतो.

तासाभरानं चार्जिंग थांबवून, स्विच बंद करून टॉप काढा आणि पिनांजवळ हाताची मागची बाजू न्या. कोमट चालेल. हात मागे घ्यावासा वाटला तर ते सॉकेट बाद. इन्फ्रारेड थर्मामीटर असेल तर उत्तम. चालू असतानाच सॉकेटच्या तोंडावर धरता येतो. जळका वास, मासळीसारखा वास, प्लेट पिवळी पडणं, बारीक चरचर, ह्यांपैकी एक जरी दिसलं तर त्या रात्री गाडी लावू नका.

काही गाड्यांत किंवा डब्यावर करंट १० किंवा ८ अँपिअर करायची सोय असते. १५ वरून १० वर आलात तर वेळ दीडपट लागतो, पण जोडावरची उष्णता निम्म्याहून कमी होते. रोज तीस-चाळीस किलोमीटर फिरणाऱ्याला १० अँपिअर रात्रभरात पुरून उरतात. मी तर बहुतेकांना तेच सांगतो. गावाकडे पाहुण्यांच्या घरी लावताना तर कमीच ठेवा, तिथली वायर कुणी बघितलीय?

वीजबिलावर मंजूर भार बघा. तीन किलोवॅट मंजूर असेल आणि गाडीच तेवढा ओढत असेल, तर गिझर आणि एसी कशावर चालवणार? भार वाढवून घ्यायचा अर्ज महावितरणकडे करता येतो. तोवर वेळ वाटून घ्या. गाडी रात्री अकराला लावली तर रोजच्या फिरण्यापुरतं चार्जिंग गिझरच्या वेळेपर्यंत आटोपतं. आणि गाडीची लाइन इन्व्हर्टरवर कधीच नको.

पावसाळ्यात केबलचा डबा सॉकेटवरून लोंबकळत ठेवू नका. वजनानं टॉप खाली ओढला जातो, वरची पिन अर्धवट सुटते. भिंतीत एक हुक मारा, डबा त्याला अडकवा. सॉकेटवर झाकण असलेली वेदरप्रूफ पेटी बसवा. डबा पाणी सोसतो, सॉकेट सोसत नाही. उंदरांचा त्रास असेल तर वायर लोखंडी पाइपातून न्या, आणि त्या पाइपालाही अर्थिंग द्या.

सांगलीकरांनी २०१९ आणि २०२१ दोन्ही वेळी पार्किंगमध्ये पाणी बघितलंय. ८०० मिलिमीटरची उंची कृष्णेपुढे काही नाही. पाणी चढायची बातमी आली की गाडी उंचावर न्या आणि त्या लाइनीची एमसीबी पाडा. बुडालेलं सॉकेट, एमसीबी, आरसीबीओ उन्हात वाळवून परत लावायची नाही. आतला गाळ राहतो. फेकून द्या, नवं बसवा, अर्थिंग परत मोजा.

सॉकेटजवळ धूर दिसला तर टॉपला हात न लावता डीबीवरून लाइन पाडा. पाणी मारू नका. एबीसी पावडरचा सिलिंडर चालतो. धूर गाडीच्या खालून येत असेल तर ते बॅटरीचं काम आहे, तिथं थांबूच नका, लांब जाऊन १०१ ला फोन करा. कुणी शॉक लागून चिकटला असेल तर आधी मेन पाडा, मग माणसाला हात लावा.

काम झाल्यावर परवानाधारक ठेकेदाराकडून टेस्ट रिपोर्ट घ्या. सोसायटीचा सेक्रेटरी वाद घालायला आला तर तो कागद बोलतो. महिन्याभरानं त्याच वायरमनला परत बोलवून सॉकेट आणि डीबीतले सगळे स्क्रू आवळून घ्या. नवी तांब्याची वायर तापून-निवून बसते आणि पहिल्या महिन्यातच सैल पडू शकते. आरसीबीओवरचं "टी" लिहिलेलं बटण महिन्यातून एकदा दाबा. खटका पडला पाहिजे. पडला नाही तर ती बदलेपर्यंत गाडी बाहेरच्या स्टेशनवर चार्ज करा.